उन्हाळी सुटीतील पक्षिनिरीक्षण

एप्रिल महिना लागला आणि शाळा सकाळच्या झाल्या, की वर्गात बसलेल्या मुलांचे लक्ष पुस्तकावरून उडून खिडकीबाहेर जाऊ लागते. आपण त्यांस दटावतो, आणि ते योग्यच आहे. परंतु खिडकीबाहेर त्या वेळी नेमके काय चाललेले असते, हे आपण स्वतः कधी लक्ष देऊन पाहिले आहे काय? कोठे तरी ‘टुक् टुक् टुक्’ असा एकसारखा आवाज येत असतो, आंब्यावर कोणी तरी ‘कुहू’ करीत असतो, कौलांच्या वळचणीला चिमणी काडी घेऊन शिरत असते. मुलांचे कान या आवाजांनी भरलेले असतात. फक्त त्यांचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नसतो.

आपल्या ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या उपनगरांची वस्ती दाट झाली आहे व होतच आहे. शहराच्या कडेला असलेल्या शाळेतील पुष्कळ शिक्षकांचा असा समज असतो की, निसर्गाचे निरीक्षण करावयाचे तर शहापूर-मुरबाडच्या रानातच गेले पाहिजे. इमारतींच्या गर्दीत पाहण्यासारखे ते काय असणार? दुसरा समज असा की, पक्षी पाहण्याचा हंगाम हिवाळ्याचा, उन्हाळ्यात पाहण्यासारखे काही उरत नाही. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, हे या लेखात दाखवावयाचे आहे. त्याबरोबरच पक्षिनिरीक्षणातून मुलांच्या हाती नेमके काय लागावे, याचाही थोडा विचार करू.

उन्हाळाच का?

हिवाळ्यात उत्तरेकडून आलेली बदके व इतर पाहुणे पक्षी मार्च-एप्रिलपर्यंत परत जातात. तळी त्यामुळे ओकीओकी वाटतात. परंतु पाहुणे गेले म्हणजे घरची माणसे कोठे जातात असे नाही. किंबहुना, घरच्या माणसांचे खरे कार्य याच दिवसांत असते. आपल्याकडे बारमाही राहणाऱ्या कितीतरी पक्ष्यांचा विणीचा हंगाम उन्हाळ्यात येतो. नर गातात, जोड्या जमतात, घरटी बांधली जातात, पिले वाढतात. एरवी गप्प असणारा पक्षी या दिवसांत बोलका होतो आणि एरवी फिकट दिसणारा पक्षी रंगीत होतो.

शिक्षकाच्या दृष्टीने आणखी दोन सोयी आहेत. पुष्कळ झाडांची पाने गळालेली असल्यामुळे फांदीवरचा पक्षी सहज दिसतो. शिवाय ज्या झाडांवर या दिवसांत फुले-फळे असतात, तेथे पक्षी आपण होऊन येतात. त्यांच्या मागे धावावे लागत नाही. पांगारा आणि काटेसावर फुललेली असो, अथवा वड, पिंपळ, उंबर फळांनी लगडलेला असो, अशा एका झाडाखाली सकाळी अर्धा तास बसणे हे चार मैल पायपीट करण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हाही फळांनी भरलेल्या वडा-पिंपळावरच भेटण्याचा संभव अधिक. पानांच्या रंगात तो असा मिसळून जातो की, फळ खाली पडले म्हणजेच वर कोणी आहे हे कळते.

बागेतील रहिवासी

‘टुक् टुक्’ करणारा पक्षी म्हणजे तांबट. भांडी घडविणाऱ्या तांबटाने हातोडी ठोकावी तसा त्याचा आवाज, म्हणून हे नाव. आकाराने चिमणीहून थोडा मोठा, अंगाने हिरवा, कपाळावर व छातीवर तांबडा ठिपका. हा पक्षी बोलताना चोच उघडीत नाही. गळ्याचा भाग तेवढा फुगतो. शिवाय तो मान इकडून तिकडे फिरवीत असतो, त्यामुळे आवाज कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने आल्यासारखा वाटतो. ‘तांबट शोधून दाखवा’ एवढेच काम मुलांना दिले, तरी त्यांची कान व डोळे एकत्र वापरण्याची उत्तम कसोटी होते. तांबट आपले घर वाळक्या फांदीत भोक पाडून करतो. वाळकी फांदी ही आपल्या दृष्टीने निरुपयोगी. त्याच्या दृष्टीने तीच घर बांधण्याची जागा. पावसाळ्यापूर्वी शाळेच्या आवारातील झाडे छाटण्याचे ठरले, तर धोक्याची नसलेली वाळकी फांदी राहू द्यावी, आणि छाटावयाचीच असेल तर आधी तिच्यात वाटोळे भोक आहे काय ते पाहावे.

काळा-पांढरा दयाळ पहाटे झाडाच्या शेंड्यावर अथवा तारेवर बसून गातो. हिवाळ्यात तो जवळजवळ मुकाच असतो. मार्चपासून त्याला कंठ फुटतो. झाडाची ढोली किंवा जुन्या भिंतीतील भोक त्याला घरट्यासाठी पुरते. शिंपी पक्षी रुंद पानांच्या कडांना चोचीने भोके पाडून कापूस व कोळ्याचे जाळे यांच्या धाग्यांनी पाने जोडतो आणि त्या पिशवीत घरटे करतो. जांभळ्या शिंजिराचे घरटे टांगलेल्या लांबट थैलीसारखे असते व तोंडावर ओसरीसारखे छोटे छप्पर असते. ते बहुधा मादी एकटीच बांधते. या दिवसांत नर उन्हात जांभळा-निळा चमकतो. हंगाम संपला की त्याचा हा पोशाख उतरतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टी तेवढी उरते. तोच पक्षी पुढे निराळा दिसला, तर मुलांनी त्यास दुसरा समजू नये, म्हणून हे सांगून ठेवावे.

बुलबुल हा तर सुटीचा सोबतीच होय. डोक्यावर तुरा, शेपटीखाली तांबडा डाग. घराच्या कुंडीत अथवा कुंपणाच्या झुडपातही तो वाटीसारखे घरटे करतो. अंडी घातल्यापासून पिले उडून जाईपर्यंत साधारणतः चार आठवडे लागतात. म्हणजे सुटीच्या आरंभी ज्या मुलास असे घरटे दिसेल, त्यास सुटी संपण्यापूर्वी एक संपूर्ण कथा आपल्या डोळ्यांनी पाहता येईल.

तळ्याकाठी

ठाण्यास तलावांचे शहर म्हणतात. कौपिनेश्वर मंदिराजवळचा मासुंदा, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याचा उपवन, पाचपाखाडीतील कचराळी, कल्याणचा काळा तलाव अशी ठिकाणे मुलांच्या नेहमीच्या फिरण्यातली आहेत. तेथे फिरणारी माणसे, नावा, खाद्यपदार्थांच्या गाड्या यांच्या गलबल्यातही काही पक्षी आपले काम निमूटपणे करीत असतात.

काठावर मान आखडून ध्यान लावलेली ढोकरी, जिला काही ठिकाणी वंचक म्हणतात, सर्वांनी पाहिलेली असते. बसलेली असताना ती मातकट दिसते; उडाली की पंख पांढरेशुभ्र दिसतात. उन्हाळा पुढे सरकतो तशी हिची पाठ गडद तपकिरी-तांबडी होते व डोक्यामागे लांब पिसे येतात. हा विणीचा पोशाख. एकाच तळ्यावर एक ढोकरी मातकट व दुसरी तांबूस पाठीची दिसली, तर त्या दोन जाती नव्हेत. गायबगळ्याचेही तसेच. पांढऱ्याशुभ्र बगळ्याच्या डोक्या-मानेवर या दिवसांत सोनेरी-नारिंगी छटा चढते.

छोटा पाणकावळा बुडी मारून मासा धरतो व मग खुंटावर बसून पंख पसरून वाळवतो. बदकांच्या मानाने त्याची पिसे अधिक भिजतात, म्हणून हा खटाटोप. दुपारच्या उन्हात पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकताना दिसतात. पक्ष्यांना आपल्यासारखा घाम येत नाही. शरीरातील उष्णता ते अशा रीतीने बाहेर टाकतात. घरट्यात पिले असतील तर आई-बाप पंख अर्धवट पसरून त्यांच्यावर सावली धरतात. ‘पक्षी छत्री धरतो’ असे एका मुलाने मला सांगितले होते. ते वर्णन अगदी यथार्थ होते.

एका तांबड्या रेघेची गोष्ट

येथे स्वतःच्या चुकीची एक हकीकत सांगणे मला आवश्यक वाटते.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी उपनगराच्या कडेवरील एका शाळेत चौथीच्या वर्गास शिकवीत होतो. ‘मी पाहिलेला पक्षी’ या विषयावर दहा ओळी लिहून आणण्यास सांगितले होते. बहुतेक वह्यांत अपेक्षित मजकूर होता: कोकिळा काळी असते, ती गोड गाते, वसंताची चाहूल देते. एका मुलीने मात्र असे लिहिले होते की, ‘काळा पक्षी कुहू करीत होता. मग पांढऱ्या ठिपक्यांचा दुसरा आला. तो नुसता किक् किक् करीत होता. कावळे काळ्याच्या मागे लागले.’ मी त्या ओळींवर तांबड्या शाईने रेघ ओढली व शेजारी लिहिले, ‘कोकिळा काळी असते व गोड गाते.’ मुलगी काही बोलली नाही. त्यानंतर तिच्या वहीत मी फळ्यावर लिहिलेल्या वाक्यांखेरीज एकही वाक्य आले नाही. मी तिला नीटनेटकेपणाबद्दल शाबासकीही दिली.

दोन वर्षांनी एका पहाटे उंबराखाली उभा असता, माझ्या डोक्यावर काळा पक्षी ‘कुहू’ करीत होता. थोड्या वेळाने तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेला दुसरा पक्षी येऊन ‘किक् किक् किक्’ करू लागला. डॉ. सालीम अली यांच्या पुस्तकात पाहिले, तेव्हा खुलासा झाला. गाणारा काळा पक्षी हा नर, म्हणजे कोकीळ. ठिपक्यांची ती मादी, म्हणजे कोकिळा. आणि ती ‘कुहू’ असे गात नाही. ती आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. नर मुद्दाम कावळ्यांच्या दृष्टीस पडतो, कावळे त्याच्यामागे धावतात व तेवढ्यात मादी आपले काम साधते, असे पक्षिनिरीक्षकांनी वर्णन केले आहे. कोकिळेच्या अंड्यातून पिलू कावळ्याच्या पिलांपेक्षा काही दिवस आधी बाहेर येते आणि कावळ्यांनी आणलेल्या चाऱ्यावर वाढते.

म्हणजे नऊ वर्षांच्या त्या मुलीने जे चार ओळींत लिहिले होते ते अक्षरशः खरे होते, आणि मी शिकविलेले खोटे होते. तोपर्यंत ती शाळा सोडून गेली होती. माझी चूक पक्ष्याविषयीचे ज्ञान नसण्यात नव्हती; ते कोणासही नसू शकते. झाडाखाली न जाता मी वहीवर रेघ ओढली, ही माझी चूक होती.

असाच प्रकार सुगरणीचा. नाव स्त्रीलिंगी, म्हणून घरटे मादीच विणते असे आपण गृहीत धरतो. बहिणाबाई चौधरी यांनी सुगरणीच्या खोप्यावर रचलेले काव्य आपल्या सर्वांच्या ओठी आहे, आणि त्यातील कष्टाचे व मायेचे सत्य अबाधित आहे. परंतु घरटे विणणारा पक्षी नर असतो. १९३० च्या सुमारास सालीम अली यांनी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, किहीम येथे सुगरणींचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, तिला पसंत पडले तरच ते पुरे होते. आणि पुढे तोच नर दुसऱ्या घरट्याच्या उद्योगास लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यासाठी त्यांनी घरट्यांसमोर बसून रोज काय दिसते ते लिहून ठेवले. तेवढे साधन आपल्या प्रत्येक शाळेपाशी आहे. सुगरणींची ही लगबग पावसाच्या आगमनाबरोबर सुरू होते. शाळा उघडते त्याच सुमारास शिंदीच्या झाडावर ती पाहावयास मिळेल.

कसे पाहावे, काय लिहावे

सुटीपूर्वी प्रत्येक मुलास एक पातळ वही पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यास सांगावे. दुर्बीण असल्यास उत्तम. नसल्यास अडत नाही. पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. जागा एकच असावी. घराजवळचे एखादे झाड, बागेचा कोपरा अथवा तळ्याचा काठ निवडावा. रोज नवी जागा पाहण्यापेक्षा एकच जागा रोज पाहिल्याने अधिक कळते.

२. वेळ सकाळी साडेसहा ते साडेसात अथवा सायंकाळी ऊन उतरल्यावर. भर दुपारी मुलांना बाहेर काढू नये. तळ्याकाठी मोठे माणूस बरोबर असल्याखेरीज मुलांनी जाऊ नये.

३. पंधरा मिनिटे न बोलता बसावे. पहिली पाच मिनिटे काहीच दिसत नाही. पक्षी आपल्याला पाहत असतात.

४. नाव माहीत नसल्यास अडू नये. आकार चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, रंग कोठे कोणता, चोच कशी, आवाज कसा, पक्षी काय करीत होता, एवढे लिहावे. नाव मागाहून सापडते. मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’त आपल्या पक्ष्यांची मराठी नावे पाहावयास मिळतात. गावातील वडीलधाऱ्यांकडून स्थानिक नावे मिळवून तीही लिहावीत.

५. जे दिसले तेच लिहावे. जे असावे असे वाटले ते लिहावयाचे झाल्यास ‘मला वाटते’ असे शब्द आधी घालावेत.

नमुन्यादाखल एक नोंद अशी असू शकेल: ‘१२ एप्रिल, सकाळी ६.५०. घरामागचा आंबा. साळुंकीएवढा पक्षी, डोक्यावर काळा तुरा, शेपटीखाली तांबडे. चोचीत गवताची काडी. जास्वंदीच्या झुडपात गेला. तीन वेळा आला. मला वाटते घरटे करीत आहे.’ या नोंदीत नाव नाही, तरी ती पूर्ण आहे. नुसते ‘बुलबुल पाहिला’ असे लिहिलेल्या नोंदीपेक्षा तिचे मोल अधिक आहे.

काही पथ्ये

उत्साहाच्या भरात मुलांकडून अपाय होण्याचा संभव असतो, म्हणून काही पथ्ये आधीच समजावून द्यावीत. केवळ ‘करू नका’ असे न सांगता कारणही सांगावे. कारण कळले की मुले पथ्य पाळतात.

घरट्यास हात लावू नये व नीट दिसावे म्हणून पाने-फांद्या बाजूस करू नयेत. पाने हटली की पिलांवर ऊन येते, आणि आपण काय पाहतो आहोत हे वरून कावळा पाहत असतो. घरट्यापासून दहा-पंधरा पावले दूर बसावे. पक्षी चारा घेऊन आला असूनही घरट्यात न जाता ओरडत असेल, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे सरावे. पक्ष्याचा आवाज मोबाईलवर वाजवून त्यास बोलावू नये. तो त्यास शत्रू आला असे समजतो व पिले सोडून भांडावयास धावतो. वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांस इजा करणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हाही आहे, हे मोठ्या मुलांना अवश्य सांगावे.

जमिनीवर पिलू सापडले, तर ते घरी नेण्याची घाई करू नये. पिसे फुटलेले पिलू बहुधा उडावयास शिकत असते व आई-बाप जवळपास असतात. कुत्र्या-मांजरापासून धोका असल्यास ते उचलून जवळच्या झुडपात ठेवावे व दूर व्हावे.

पक्ष्यांसाठी पाणी ठेवणे हा सुटीतील उत्तम उपक्रम होय. मातीचे पसरट भांडे घ्यावे. पाणी दोन बोटांहून खोल नसावे व मध्ये एक दगड ठेवावा, म्हणजे लहान पक्षी बुडणार नाही. भांडे सावलीत, पण मांजर दबा धरून बसेल अशा झुडपापासून दूर असावे. पाणी रोज बदलावे व भांडे घासावे. नाही तर डास होतात व रोगही पसरतात. ज्यास रोज हे जमणार नसेल त्याने भांडे न ठेवणेच बरे.

समारोप

मेच्या अखेरीस झाडीतून ‘पेर्ते व्हा’ अशी पावशाची हाक अधिक ऐकू येऊ लागते. पुढे चातक येतो, येऊरच्या रानात नवरंग येतो, आणि मग पाऊस. त्या वेळेपर्यंत मुलांच्या वह्यांत महिन्याभराच्या नोंदी झालेल्या असतील. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात परिसर अभ्यासाच्या तासास या वह्या वर्गात वाचून घ्याव्यात. ज्याने एकच पक्षी पाहिला पण महिनाभर पाहिला, त्याचे कौतुक शंभर नावे पाठ करणाऱ्याइतकेच करावे. पुढे ५ ते १२ नोव्हेंबर या काळात राज्यात पक्षी सप्ताह पाळला जातो. त्याचा आरंभ चितमपल्ली यांच्या आणि शेवट सालीम अली यांच्या जन्मदिनी होतो. त्या वेळी या नोंदींचे एक छोटे प्रदर्शन भरविता येईल.

वह्या तपासताना एखादी नोंद पुस्तकाशी जुळत नाही असे आढळेल. मुलाची चूक झाली असेल, अथवा आपली समजूत चुकीची असेल. अशा वेळी वहीवर काहीही न लिहिता दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलास बरोबर घेऊन त्याच झाडाखाली जावे आणि दोघांनी मिळून पाहावे. शिक्षकबंधुभगिनींनी या सुटीत एवढे अवश्य करून पाहावे, अशी माझी नम्र विनंती आहे.